संघात होता, पंगतीत नव्हता : पालवणकर बाळू

क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो हे सांगण्यासाठी लेख लिहायला नको. आत बूच आणि सूत, वरून कमावलेले कातडे, आणि मधोमध दाट टाक्यांची शिवण. आमच्या घरी आजोबांची आरी आणि रापी अजून जपून ठेवलेली आहे, त्यामुळे चेंडू हातात आला की माझी नजर आधी शिवणीवर जाते. नवल वाटते ते असे की, ज्या काळी कातडे कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या माणसाच्या सावलीचाही विटाळ मानीत, त्याच काळी शास्त्र्यापंतांच्या घरची मुले हा चामड्याचा चेंडू बेलाशक हाताळीत होती, पांढऱ्या विजारीवर घासून चकाकवीत होती. चेंडूला विटाळ नव्हता. तो शिवणाऱ्या जातीत जन्मलेल्या गोलंदाजाला मात्र होता. त्या गोलंदाजाचे नाव पालवणकर बाळू.

आमच्या कॉलेजच्या क्रिकेट संघात मी बारावा किंवा तेरावा गडी असतो. संघातल्या मुलांना मी एकदा बाळूंविषयी विचारले, तर कोणालाच हे नाव ठाऊक नव्हते. यात त्यांचा काय दोष? देवधर करंडक ठाऊक असतो, रणजी करंडक ठाऊक असतो. बाळूंच्या नावाचा तसा करंडक नाही. बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांनी मराठीत आत्मचरित्र लिहिले होते, पण ते फारसे कोणाच्या हाती उरले नाही. पुढे २००२ साली इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात या भावंडांची कहाणी विस्ताराने सांगितली, तेव्हा कुठे पुन्हा चर्चा सुरू झाली. सांघिक खेळात भिडूंचा एकमेकांशी जिव्हाळा असतो, असे आपण शाळेच्या निबंधापासून लिहीत आलो. तो जिव्हाळा कुठून येतो, कोणाच्या वाट्याला येतो आणि किती उशिरा येतो, हे या एका माणसाच्या आयुष्यात जसे दिसते तसे मला दुसरीकडे कुठे दिसले नाही.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. मूळ गाव कोकणातले पालवण, त्यावरून पालवणकर. जात चांभार. वडील लष्कराच्या चाकरीत होते, त्यामुळे कुटुंब पुण्याच्या छावणीत आले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊ. गोरे अधिकारी टाकून देत त्या जुन्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन ही पोरे खेळू लागली. चौघेही भाऊ पुढे हिंदू संघाकडून खेळले. एका घरातून चार खेळाडू निघावेत, आणि तेही अशा घरातून, ही साधी गोष्ट नव्हे.

शाळा लवकर सुटली आणि कामाला लागावे लागले. पहिली नोकरी एका पारशी क्रिकेट क्लबात : मैदान झाडायचे, रोलर फिरवायचा, आणि सभासदांना हवे असेल तेव्हा चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास बाळू पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या क्लबात गेले. तिथे चार रुपये. खेळपट्टी तयार करणे, चुन्याच्या रेघा मारणे, जाळ्या बांधणे, टेनिसचे मैदान आखणे हे सारे त्यांच्याकडे. तिथल्या एका सभासदाने त्यांना सरावासाठी गोलंदाजी करायला सांगितले आणि या पोराचा डावा हात काय करतो ते हळूहळू सर्वांना कळले. संथ चाल, पण प्रत्येक चेंडू वेगळा. एक आत वळणार, एक सरळ जाणार, एक हवेत थांबल्यासारखा वाटणार. तासन्तास, महिनोन्महिने ते गोऱ्या साहेबांना चेंडू टाकीत राहिले. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हे सभासदांचे काम, गोलंदाजी हे नोकराचे! बाळू पुढे मोठे फलंदाज झाले नाहीत याचे कारण एवढेच.

इथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पैसे घेऊन खेळणारा तो हलका, आणि हौसेने खेळणारा तो सभ्य, ही वाटणी केवळ आपल्याकडची नव्हती. खुद्द इंग्लंडात व्यावसायिक खेळाडू आणि हौशी खेळाडू एकाच संघात असूनही त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत, कित्येक मैदानांवर आत येण्याची फाटकेही वेगळी असत. ही वाटणी त्यांनी अधिकृतपणे मोडली ती थेट १९६२ च्या अखेरीस. मात्र इंग्रज व्यावसायिकाचा मुलगा शिकला, पैसा मिळवू लागला, तर त्याला सभ्य होता येत होते. बाळूंचा मुलगा कितीही शिकला तरी जात कुठे टाकणार? दोन्हीकडे भिंत होती, पण आपल्या भिंतीला दारच नव्हते, असे मला वाटते.

त्या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज होते. प्रेक्षक त्यांना जंगली म्हणत, जे. जी. या आद्याक्षरांचा आपल्या लोकांनी केलेला तो अपभ्रंश, बाकी माणूस अगदी सभ्य. ग्रेग इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाद केले की दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, महिना चार रुपयांत राबणाऱ्या पोराला आठ आणे म्हणजे तीन-चार दिवसांचा पगार, हे गणित ज्याने ती आख्यायिका रचली त्याला ठाऊक होते.

पुण्याच्या हिंदू क्रिकेट क्लबापुढे आता पेच पडला. गोऱ्यांना हरवायचे तर बाळू हवा. बाळू घ्यायचा तर चांभाराबरोबर खेळावे लागणार. काही सभासद घ्या म्हणत, काही नको म्हणत. खुद्द ग्रेग यांनीच बोलून दाखवले की, बाळूला बाहेर ठेवणे हा हिंदूंचा शुद्ध मूर्खपणा ठरेल. अखेर बाळूंना संघात घेतले गेले.

आणि मग जे घडले ते मला या साऱ्या चरित्रात सर्वांत महत्त्वाचे वाटते. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावीत. बाळूंच्या चेंडूवर झेल उडाला तर तो ब्राह्मण भिडू धावत जाऊन पकडी. बळी मिळाला की सर्वांनाच आनंद. पण चहाची वेळ झाली की संघ आत जाई आणि बाळू बाहेर राहत. आतल्यांना चिनी मातीच्या पांढऱ्या कपांत चहा. बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. हातपाय धुवायचे तर मैदानाच्या एका कोपऱ्यात दुसऱ्या एका अस्पृश्य नोकराने पाणी आणून घालायचे. जेवायचे वेगळ्या ताटात, वेगळ्या ठिकाणी. नंतर पुन्हा सर्वजण मैदानात उतरत आणि तोच चेंडू पुन्हा अकरा हातांतून फिरे.

मी हे आमच्या आबांना वाचून दाखवले. आबा म्हणजे माझे आजोबा. पारोळ्याच्या बाजारात चपला शिवायला बसत. त्यांनी मान हलवली आणि आपल्या लहानपणीची गोष्ट सांगितली. एका गावात चहाच्या दुकानाबाहेर भिंतीच्या कोनाड्यात दांडी तुटलेला एक कप ठेवलेला असे. तो आपला आपण काढायचा, चहा वरून ओतला जायचा, प्यायचा, धुवायचा आणि पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. हे साठच्या दशकातले, म्हणजे स्वातंत्र्यानंतरचे. आबांना त्या कपाचा रंगही आठवतो. बाळूंच्या हातात पडलेले मातीचे भांडे तरी पिऊन झाल्यावर फोडता येत होते. हा कप रोज धुऊन परत ठेवावा लागे.

बाळूंच्या भिडूंना आपण दुष्ट ठरवावे काय? मला तसे वाटत नाही, आणि त्यांना सोडून द्यावे असेही वाटत नाही. ती माणसे आपल्या काळाच्या मानाने पुढेच होती. त्यांनी निदान बाळूंना संघात तरी घेतले. पण ते घेणे जिव्हाळ्यातून नव्हते, गरजेतून होते. गोऱ्यांना हरवण्याची ईर्षा जातीच्या भीतीपेक्षा थोडी जास्त भरली, इतकेच. भिडूपणा असा गरजेच्या मागच्या दाराने आत आला. तो आला हे खरे, आणि मागच्या दाराने आला हेही खरे.

साताऱ्याच्या सामन्याची हकीकत प्रसिद्ध आहे. गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंच्या फिरकीचा जोर मोडावा म्हणून आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी फरशीसारखी टणक केली होती. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. त्या विजयानंतर बाळूंची हत्तीवरून मिरवणूक निघाली. चहा बाहेर आणि मिरवणूक हत्तीवरून! पुण्यात सत्कार झाला तेव्हा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंना हार घातला आणि संघातल्या इतरांना सुनावले की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाणेपिणे का चालत नाही. पुढे लोकमान्य टिळकांनीही एका सभेत बाळूंचा गौरव केला. हे दोघे पुढारी एरवी सामाजिक प्रश्नांवर एकमेकांच्या विरुद्ध टोकांना असत; बाळूंच्या बाबतीत मात्र दोघांचेही हात हाराकडे गेले. रानडे १९०१ च्या जानेवारीत वारले, म्हणजे ही गोष्ट त्याआधीची. पंगतीचा प्रश्न इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे एका क्रिकेट खेळाडूमुळे विचारला गेला होता, हे आपल्या सामाजिक सुधारणांच्या पाठ्यपुस्तकात मी कधी वाचले नाही.

१८९६-९७ च्या सुमारास पुण्यात प्लेगने हाहाकार माजवला आणि बाळू मुंबईस आले. काही काळ पलटणीत, नंतर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी. ही रेल्वे कंपनी आपल्यालाही परकी नाही. जळगावहून अमळनेर, नंदुरबार करीत सुरतेस जाणारा ताप्ती व्हॅली मार्ग पूर्वी हीच कंपनी चालवीत असे. खेळाडूला नोकरी द्यायची आणि कंपनीच्या संघातून खेळवायचे, ही प्रथा तेव्हापासूनची. रेल्वेच्या भरतीतला आजचा खेळाडूंचा कोटा हा त्याच प्रथेचा वारस म्हणता येईल. मुंबईत हिंदू जिमखान्यात बाळूंना घेण्यास काही सभासदांचा विरोध झाला, पण कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि बाळू आत आले. नुसते मैदानात नव्हे, जिमखान्यातही.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईला हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ वर संपला. दुसऱ्या डावात त्यांना जिंकायला २१२ हव्या होत्या, ते १०२ वर आटोपले. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. बंगालच्या फाळणीचे ते दिवस, स्वदेशीची चळवळ तापलेली. या विजयाने देशभर केवढा उत्साह पसरला असेल याची कल्पना करावी. बाळू आणि शिवराम हे दोघेही भाऊ त्या संघात होते. मुंबईच्या इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकी पत्राने विजयापेक्षा दुसऱ्याच गोष्टीला अधिक महत्त्व दिले. पुण्यात ज्यांच्याबरोबर फक्त खेळणे चालत होते, त्या चांभार बंधूंबरोबर मुंबईच्या जिमखान्यात एकत्र जेवणेही होऊ लागले आहे, हा त्या पत्राच्या दृष्टीने खरा विजय होता. मातीच्या भांड्यापासून जिमखान्याच्या ताटापर्यंत यायला बाळूंना दहा-बारा वर्षे लागली, आणि मधल्या प्रत्येक वर्षी बळी घ्यावे लागले. बळी घेणे थांबले असते तर ताट पुन्हा बाहेर गेले असते की काय, असा वाईट विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आमच्याकडे थंडीत भरताच्या पार्ट्या होतात हे खानदेशी वाचकांस सांगायला नको. गेल्या थंडीत संघातल्या एका मुलाच्या मळ्यात आम्ही सारे गेलो होतो. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, बडजीत मिरची-लसणाबरोबर ठेचली, आणि केळीच्या पानावर कळण्याच्या भाकरीबरोबर पंधरा जण एका ओळीत जेवलो. कोणी कोणाची जात विचारली नाही. माझ्या पानात भरीत वाढणारा मुलगा कोणत्या घरचा आहे हे मला ठाऊक होते आणि मी कोणत्या घरचा हे त्याला. त्याच्या लेखी ही काही विशेष गोष्ट नव्हती. बाळूंचे चरित्र वाचून झाल्यामुळे माझ्या लेखी मात्र होती. पण मी ते त्याला सांगितले नाही, भरीत तेवढे पुन्हा मागून घेतले.

१९११ साली अखिल भारतीय म्हणावा असा पहिला संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग कर्णधार. संघात सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि स्वतः महाराज. पाच हिंदूंत दोघे पालवणकर : बाळू आणि शिवराम. एका टोकाला महाराज, बडोद्याचे राजपुत्र शिवाजीराव गायकवाड, आणि दुसऱ्या टोकाला मैदान झाडण्यापासून सुरुवात केलेला गोलंदाज. महाराज फारच थोडे सामने खेळले. सरदार-दरकदारांच्या गाठीभेटींतच त्यांचा वेळ गेला. संघ एकूण २३ सामने खेळला, त्यांतले सहा जिंकला आणि पंधरा हरला. अशा हरणाऱ्या संघात पस्तिशीच्या बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १९ धावांच्या आत. प्रथम दर्जाच्या सामन्यांपुरते पाहिले तर ७५ बळी. खांदा दुखत असतानाही चेंडू त्यांच्याच हाती दिला जाई. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद ११३ धावा काढून एका गड्याने सामना जिंकून दिला. शेवटच्या गड्यासोबत उभे राहून जिंकणे म्हणजे काय, हे ज्याने तालुक्याच्या मैदानावर का होईना अनुभवले आहे त्यालाच कळेल.

परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळच्या मानपत्राशी एल्फिन्स्टन कॉलेजात बी. ए. शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचे नाव जोडले जाते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेबांचे नाव देशाला माहीत होण्यापूर्वी मुंबईच्या चाळींतून आणि छावण्यांतून आपल्या माणसांना अभिमानाने सांगण्यासारखे एक नाव होते, आणि ते बाळूंचे होते.

पंगतीचा प्रश्न सुटला. आता कर्णधारपदाचा उभा राहिला. माझ्या मते हा अधिक कठीण. शेजारी बसून जेवायला मन मोठे करावे लागते, पण ज्याला आपण हलका समजत आलो त्याचा हुकूम ऐकायला मनच बदलावे लागते. तू स्लिपमध्ये उभा राहा, तू सीमारेषेवर जा, तुझी गोलंदाजी आता बंद, हे एका चांभाराने एका ब्राह्मणाला सांगायचे! बाळू संघातले सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत यशस्वी गोलंदाज. तरी वर्षामागून वर्षे दुसऱ्याच कोणाची निवड होत राहिली. १९१३ साली मुकुंदराव पै यांना कर्णधार केले तेव्हा सत्काराच्या प्रसंगी पै यांनी स्वतःच बोलून दाखवले की, हा मान ज्येष्ठतेने बाळूंचा होता. मला पै हे या कहाणीतले फार मोठे पात्र वाटते. मान घेऊन ते बोलले, मान सोडून दिला नाही, असे कोणी म्हणेल. पण त्या काळी इतकेही किती जण बोलत होते?

१९२० साली ठिणगी पडली. चौरंगी सामन्यांत पै आजारी असल्यामुळे पहिल्या सामन्यासाठी नवा कर्णधार हवा होता. बाळूंना वयामुळे संघातूनच वगळले होते. ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. विठ्ठल तेव्हा हिंदूंचे आघाडीचे फलंदाज, शिवाय अनुभवी. निवड समितीने त्यांना डावलून पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना कर्णधार केले. देवधर थोर खेळाडू होते याविषयी वाद नाही; पण हक्क विठ्ठल यांचा होता. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपल्यावर जातीमुळे अन्याय झाला आहे असे पत्रक काढून जाहीर केले. तीस वर्षे हे घर गप्प राहून बळी घेत आणि धावा काढीत आले होते. त्या घराने पहिल्यांदा चेंडू खाली ठेवला.

परिणाम झाला. लोकमत भावांच्या बाजूने वळले. अंतिम सामन्यासाठी पै परत आले, दोघे भाऊ परत आले आणि बाळूंना बोलावून उपकर्णधार करण्यात आले. खेळ चालू असताना पै मध्येच मैदानाबाहेर निघून गेले, ते मुद्दाम. म्हणजे काही वेळ का होईना, हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंच्या हाती यावे. बाळू पालवणकर यांचे कर्णधारपद काय ते एवढेच. एखादा भिडू दुसऱ्यासाठी झेल घेतो, धाव सोडतो, दुखापत झाली तर खांदा देतो. पै यांनी आपली जागा दिली. रानड्यांच्या भाषणाने जे झाले नाही आणि समितीच्या बैठकीत जे झाले नाही, ते एका भिडूने मैदानाबाहेर चालत जाऊन केले. पंचवीस वर्षांपूर्वी बाळू बाहेर असत आणि संघ आत असे. आता बाळू आत होते.

१९२३ साली विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पुढचे काही हंगाम नेतृत्व त्यांच्याकडेच होते. मोठ्या भावाला जे मिळाले नाही ते धाकट्याला मिळाले. आमच्यासारख्या घरांतून असेच होते; बाप शिकत नाही, मुलगा शिकतो.

खेळाडूंचे आपापसातले नाते पुढे कसे बदलत गेले ते पाहायचे तर हॉकीकडे पाहावे. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला भारताने हॉकीचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. कर्णधार होते छोटा नागपूरचे आदिवासी जयपालसिंग मुंडा. साखळी सामन्यांत नेतृत्व करून, अंतिम सामन्यापूर्वीच ते संघापासून दूर झाले. आतले बेबनाव असह्य झाले होते. पुण्याला लागूनच असलेल्या खडकीच्या छावणीत १९६८ साली धनराज पिल्ले जन्मले. त्यांचे वडील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मैदानाची देखभाल करीत. मोडक्या स्टिका सुतळीने बांधून मुले हॉकी शिकली. रोलर ओढणाऱ्या बाळूंची आठवण येथे होतेच. १९९८ साली धनराज यांच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळवले, आणि त्यानंतर लगेच ते आणि आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. खेळाडूंच्या मानधनाविषयी तोंड उघडल्याची ही शिक्षा, असाच सर्वत्र समज झाला. म्हणजे भांडण आता खेळाडू आणि खेळाडू यांच्यात नव्हते. खेळाडू एकीकडे आणि पदाधिकारी एकीकडे होते. २०१३ साली हॉकीत लिलावाची लीग सुरू झाली, आणि काल ज्याच्याविरुद्ध स्टिक उगारली तो परदेशी आज आपल्याच बाकावर बसू लागला. या नात्यात जिव्हाळा किती आणि करार किती, कोण जाणे. पण त्याला चहा बाहेर नेऊन कोणी देत नाही, हे नक्की.

बाळूंचे उत्तरायुष्य राजकारणात गेले आणि इथे माझ्यासारख्या वाचकाची पंचाईत होते. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. गांधीजींचे उपोषण सुरू झाल्यावर बाबासाहेबांची मनधरणी करणाऱ्यांत ते होते, आणि पुणे कराराखाली त्यांची सही आहे. १९३७ साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. त्याच वर्षी ३१ जुलैला बाबासाहेब एका खटल्याच्या कामी धुळ्यास आले आणि लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या तारखेस तिथे दरवर्षी माणसे जमतात, आमच्या घरचीही जातात. आमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, बाळूंची नाही. ती का नाही, हे त्या निवडणुकीवरून समजते.

तरी मी बाळूंना दोष देऊ शकत नाही. ज्याने आयुष्यभर संघात राहूनच जागा मिळवली, मातीच्या भांड्यापासून उपकर्णधारपदापर्यंत एकेक पायरी भिडूंच्या मनात चढून गाठली, त्याला वेगळा मतदारसंघ म्हणजे संघ सोडणे वाटले असेल. बाबासाहेबांनी त्या संघाचे अंतरंग बाळूंहून खोल पाहिले होते. पण त्यांनी जे पाहिले त्यातले काही बाळूंनी बाहेर उभे राहून चहा पिताना प्रत्यक्ष भोगले होते. दोघांच्या अनुभवाचे मूळ एकच, निष्कर्ष मात्र निरनिराळे. माझे मत बाबासाहेबांकडे आहे, आणि आबांचेही. पण बाळू चुकले असे म्हणताना आबांचाही आवाज खाली येतो, हे मी पाहिले आहे.

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, अशी बाळूंची नोंद आहे. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ चा; तोवर त्यांची वेळ निघून गेली होती. जातवार आणि धर्मवार संघांचे ते सामनेही १९४६ नंतर बंद झाले. १९५० साली राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. त्या कलमाला दंडाचे बळ देणारा कायदा संसदेने १९५५ साली केला. तो त्या वर्षीच्या १ जूनला लागू झाला. उपाहारगृहात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हा त्या कायद्यात गुन्हा ठरला. त्यानंतर महिन्याभराने, ४ जुलै १९५५ रोजी, बाळू पालवणकर मुंबईत वारले. सांताक्रूझला त्यांच्या अंत्ययात्रेस संसदेचे सभासद होते, आणि क्रिकेट खेळणारी पुष्कळ माणसे होती.